घारीचं पोट

कुठलंही पाकीट हातात आलं की घार ते आधी पालथं करायची. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरं असोत, हसरा बटाटा असो, नाहीतर 'आता अधिक कुरकुरीत' असा गाजावाजा असो, तिला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिचे डोळे मागच्या बाजूच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर. कुणी खाऊ पुढे केला तरी तेच. त्यामुळे लग्नघरी, वाढदिवसाला, जिथे जाईल तिथे लोकांना वाटायचं, ही बाई किंमत बघतेय.

घार हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती इमारतींच्या बांधकामावर उंच क्रेन चालवायची. अख्खा दिवस आभाळात, काचेच्या खोपटात, मान खाली घालून जमिनीकडे रोखून बघत. हे नाव ठेवलं ते भोंग्याने. भोंगा म्हणजे खालून वॉकी-टॉकीवर तिला इशारे देणारा माणूस. त्याचं बोलणं घरी, चहाच्या टपरीवर, सगळीकडे वॉकी-टॉकीवरच असल्यासारखं. "चहा घेतला. साखर कमी आहे. ओव्हर." आवाज असा, की हातात यंत्र नसतं तरी वरपर्यंत पोहोचला असता.

जमिनीवर घार अगदी चारचौघींसारखी, बुटकी, दुकानातल्या रांगेत कुणीही मागे सारावं अशी. पण एकदा का शिडी चढून वर गेली, की तीच बाई लोखंडाचे भारे, काचांचे ढीग, भरलेली टाकी अलगद उचलून भिंतीपलीकडे अशी ठेवायची, जशी एखादी आई झोपलेलं मूल कुशीतून गादीवर ठेवते. वरून माणसं दिसत नाहीत, हेल्मेटं दिसतात. त्या सगळ्या पिवळ्या-पांढऱ्या टोपल्या तिच्या इशाऱ्यावर बाजूला व्हायच्या. हे सुख तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण ते गेलं असतं तर तिच्यातलं निम्मं माणूस गेलं असतं.

आणि ते जायची वेळ आली होती ती पोटापायी.

गेलं वर्षभर तिचं पोट तिचं राहिलंच नव्हतं. आधी आत कुणीतरी जड खुर्ची सरकवल्यासारखं व्हायचं. मग फुगा. मग कळ. आणि कळ आली की मग विचार करायला सवड नाही. जमिनीवर असताना ठीक होतं, माणूस पळतो. पण क्रेनच्या केबिनमध्ये एक खुर्ची, दोन दांडे, वाऱ्याचा वेग दाखवणारं यंत्र आणि काचेवर चिकटवलेला वजनांचा तक्ता एवढंच असतं. संडास खाली. आणि खाली म्हणजे शिडीवर शिडी, शिडीवर शिडी.

पहिल्यांदा ती कामाच्या मधेच धडपडत उतरली, तेव्हा परत येताना साइट इंजिनिअर शिडीच्या पायथ्याशी उभा होता. या गृहस्थांचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे बघा' ने सुरू व्हायचं, जणू त्यापूर्वीचं वाक्य ते मनातल्या मनात बोलून मोकळे झालेत. म्हणजे बघा, क्रेन सोडून का उतरलात, असं त्यांनी विचारलं. भोवती भोंगा, गवंडी, लोखंडवाले, सगळे कान टवकारून. घारीच्या ओठांवर 'पोट' आलं होतं. पण एवढ्या पुरुषांत ते बाहेर पडेना. बाहेर पडलं ते भलतंच.

"चक्कर आली."

घरात हा फार सभ्य शब्द. चक्कर आली म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात, पाणी देतात. पण क्रेनवाल्या माणसाने चक्कर म्हणायचं म्हणजे बसच्या ड्रायव्हरने 'मला अधूनमधून दिसत नाही हो' म्हणण्यासारखं. इंजिनिअरचा चेहरा खर्रकन उतरला. भोंग्याचा मात्र उजळला, कारण त्याने वेगळाच अर्थ काढला. संध्याकाळपर्यंत साइटभर गोड बातमी पसरली आणि दुसऱ्या दिवशी शिडीखाली कुणीतरी लिंबांची पिशवी ठेवून गेलं. घारीची मुलगी तेव्हा कॉलेज संपवून नोकरीला लागलेली होती.

मग तपासण्या. तिला फिरत्या खुर्चीत गरागरा फिरवलं, डोळे मिटून रेघेवरून चालवलं, कानात दिवे घातले. मुळात चक्कर नव्हतीच, तर सापडणार काय? कागद ठणठणीत आला. इंजिनिअरने तो दोनदा वाचला आणि सांगितलं, म्हणजे बघा, कागद चांगला आहे, म्हणून वर पाठवतोय. पण पुन्हा कामाच्या मधे उतरलात तर मी कागद बघणार नाही. मग गेटवर बसायचं आणि येणारे ट्रक बघायचे, कायमचं.

त्या दिवसापासून घारीच्या जिवाला घोर लागला. वर असताना ती खाली कमी आणि आत जास्त बघायला लागली. जरा कुठे गुडगुडलं की हाताला घाम. केबिन वाऱ्याने हलते, ती तशी नेहमीच हलते, पण आता तिला कळेना की हलतंय ते लोखंड की आतडं.

शेवटी तिने गुपचूप पोटाच्या डॉक्टरला गाठलं. त्याने सगळं तपासून सांगितलं की आतड्यात रोग नाही, आतडं फक्त चिडखोर आहे. हे घरी कळल्यावर सासूबाई म्हणाल्या की आमच्याकडे चिडखोर कुणी नव्हतं, हे बाहेरून आलेलं दिसतंय. शिवाय दिवसभर हवेत बसल्यावर पोटात हवाच जाणार, असंही त्यांचं निदान होतं, आणि ते फुकट होतं.

डॉक्टरने तिला आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. या बाई सगळं 'आपण' मध्ये बोलायच्या. "आपण कांदा सोडतोय. आपण लसूण सोडतोय. आपण गहू, दूध, मध, सफरचंद, काजू काही दिवस बाजूला ठेवतोय." घारीला क्षणभर वाटलं, बिचारी बाई आपल्यासाठी स्वतःही उपाशी राहणार. बाईंनी समजावलं की काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे जाऊन आंबतात, पाणी ओढतात, वायू तयार करतात. चिडखोर आतड्याला ते सोसत नाही. त्यांना सगळ्यांना मिळून फॉडमॅप म्हणतात. आपण ते काही आठवडे कमी करायचे, मग एकेक परत आणून बघायचं, कोण त्रास देतो. आणि बरं का, आपण प्रमाणही सांभाळायचं.

हे शेवटचं वाक्य बाई बोलल्या तेव्हा घार मनाने केव्हाच दुकानात पोचली होती. कारण तिची खरी अडचण वेगळी. घरचा भात, अंडं, गाजर हे संध्याकाळी ठीक. केबिनमध्ये डबा उघडून जेवणं नसतंच. दोन्ही हात दोन दांड्यांवर. एक बोजा उतरला आणि दुसरा बांधून होईतो एका हाताने जे तोंडात टाकता येईल, ते जेवण. म्हणजे पाकिटं. तिचं सगळं आयुष्य आता पाकिटांवर येऊन ठेपलं होतं.

तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसं भिंग त्याच्या खिशात कायम. तो तिच्याबरोबर बाजारात गेला आणि मांडणीसमोर उभं राहून, भिंग लावून, एकेक पाकीट वाचू लागला, तेही दुकानातल्या सवयीच्या आवाजात, जणू समोर गिऱ्हाईक हनुवटी टेकून बसलंय. "वरची ओळ बघू. बटाटा. तेल. खालची ओळ. मसाला. मसाल्यात काय, ते कंसात. कांद्याची भुकटी. नापास." असं चाललेलं. साध्या दिसणाऱ्या क्रॅकरमध्ये गहू आणि दुधाची भुकटी. बिनसाखरेच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल, जे बाईंनी नावानिशी सांगितलं होतं. सगळ्यात मोठा दगा दिला तो 'पोटाला प्रिय' असं लिहिलेल्या एका बारने. त्यात मध होता आणि तंतू वाढवायला चिकोरीचं मूळ, तेही बाईंनी टाळायला सांगितलेलं. घार त्या बारकडे अशी बघत राहिली, जशी माणसं दूरच्या गोडबोल्या नातेवाइकाकडे बघतात.

दुकानदार लांबून हे बघत होता. भिंग बघून त्याला वाटलं, सरकारी तपासणी आली. तो येऊन हात चोळत उभा राहिला आणि म्हणाला की जुना माल आम्ही कालच काढलाय साहेब. नवऱ्याने भिंगातूनच त्याच्याकडे बघितलं, त्यामुळे तो आणखीच घाबरला.

एका पाकिटावर नुसतंच 'नैसर्गिक स्वाद' होतं. नवऱ्याने घरी येऊन कंपनीच्या नंबरवर फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे, असं बराच वेळ ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. हा स्वाद कशापासून केलाय, असं त्याने विचारलं.

"नैसर्गिक आहे सर."

"हो, पण कशापासून?"

"निसर्गापासून, सर."

तेही पाकीट बाद झालं.

जी पास झाली त्यांना नवऱ्याने हिरवा ठिपका लावायचं ठरवलं. चष्म्याच्या काचेवर मधला बिंदू कुठे यावा ते दाखवायला त्याच्याकडे इवले इवले चिकट ठिपके असायचे, त्यातले. मीठ लावलेले साधे बटाट्याचे चिप्स, हिरवा. तांदळाचे कुरकुरीत पापुद्रे, हिरवा. पुढे बाईंच्या यादीत बघून बदाम आले, रताळ्याचे चिप्स आले, सुक्या बेरीचा एक बार आला. बाईंनी प्रत्येकापुढे मूठ, चमचा असं काहीबाही लिहिलेलं होतं. पण ठिपक्यावर मूठ मावत नाही. ठिपका एकतर असतो किंवा नसतो. भिंग लावणाऱ्या माणसाला अक्षर दिसलं की काम झालं, आणि घारीला हिरवं दिसलं की काम झालं. तो ठिपका म्हणजे तिला परवानाच वाटला.

काही आठवडे खरोखर बरे गेले. पोट गप्प होतं. पण तिला ते गप्प बसणंही खुपायचं. लहान मूल शेजारच्या खोलीत फार वेळ शांत असलं की आईच्या पोटात गोळा येतो, तशातली गत. ती सारखी आत कान लावून बसायची आणि भोंग्याला एक गोष्ट दोनदा सांगावी लागायची.

मग तो दिवस आला. इमारतीच्या गच्चीवर थंड हवेचं भलंमोठं यंत्र चढवायचं होतं. इतकं मोठं, की ते आणणारा ट्रक उभा करायला अख्खा रस्ता बंद केलेला. दोन्ही टोकांना माणसं, त्यांच्या हातात वॉकी-टॉकी. गच्चीवर यंत्र धरून बसवणारे, त्यांच्याकडे वॉकी-टॉकी. इमारतीचे मालकही आले होते आणि हौस म्हणून त्यांनीही एक मागून घेतला होता. सगळे एकाच चॅनलवर. घार सकाळीच वर जाऊन बसली. आणि वारा सुटला.

वाऱ्यात एवढं धूड उचलता येत नाही. इंजिनिअर म्हणाला थांबा. थांबा म्हणजे किती, ते वाऱ्याला ठाऊक. घार बसून राहिली. खाली बंद रस्त्याच्या टोकाला गाड्यांचे भोंगे वाजत होते, आपला भोंगा त्यांच्यावर ओरडत होता, मालक मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते, ते इतक्या उंचावरूनही कळत होतं. तिचे हात रिकामे. रिकाम्या हातांना चैन पडेना. तिने बदामांची पिशवी उघडली, ठिपका बघितला, खाल्ले. वाऱ्याचा काटा बघितला, रताळ्याचे चिप्स उघडले, ठिपका बघितला, खाल्ले. बार, ठिपका, खाल्ला. पुन्हा बदाम. खाताना तिला आपण फार शहाण्यासारखं वागतोय असं वाटत होतं, कारण एकही गोष्ट ती ठिपका बघितल्याशिवाय तोंडात टाकत नव्हती. पिशव्यांचे तळ दिसले, तेव्हा वारा पडायला लागला होता.

आणि आत कुणीतरी खुर्ची सरकवली.

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग फुगा आला. समोरच्या काचेवर वजनांचा तक्ता होता, वर्षानुवर्षं पाठ झालेला, म्हणून कधी वाचला न जाणारा. आता नजर कुठेतरी खिळवायची म्हणून ती तो वाचू लागली. खांबाजवळ इतकं वजन चालेल, जरा लांब नेलं तर त्याहून कमी, क्रेनच्या हाताच्या टोकाला तर फारच कमी. तेच वजन, तीच क्रेन. चालतं की नाही असं ती इथे कधीच विचारत नव्हती. किती आणि कुठवर, एवढंच विचारायची. तिने मांडीवरच्या रिकाम्या पिशव्यांकडे बघितलं आणि तिला आहारवाल्या बाईंचं 'आपण प्रमाणही' आत्ता ऐकू आलं. मुठीची गोष्ट तिने ट्रकभर खाल्ली होती.

"वारा ठीक. बोजा बांधून तयार. उचलायला सुरुवात करू. ओव्हर," असं भोंगा खालून बोलला.

कळ आली. ही पहिली, म्हणजे मागून आणखी येणार.  वारा म्हणावं, तर वाऱ्याचा काटा खाली इंजिनिअरच्या टेबलावरही दिसतो. चक्कर म्हणावं, तर गेट. काही न म्हणता उचलावं, दात आवळून? तिने खाली बघितलं. यंत्राभोवती पिवळी हेल्मेटं जमली होती, वर तिच्याकडे तोंड करून. इतक्या लांबून तोंडं दिसत नव्हती, पण ती होती. अर्ध्या वाटेत दुसरी कळ आली आणि दांड्यावरचा हात चुकला तर?

तिने बटण दाबलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"घार बोलतेय. बोजा उचलायचा नाही. मला खाली यायचंय."

चॅनलवर खरखर झाली. मग इंजिनिअर. त्याचा आवाज फार हळू होता. म्हणजे बघा, चक्कर का, असं त्याने विचारलं.

"नाही. चक्कर मला कधीच आली नव्हती. तेव्हाही पोटच होतं. लाज वाटली म्हणून चक्कर म्हणाले. मला आत्ता संडासला जायचंय."

रस्त्याची दोन टोकं, गच्ची, ट्रकवाला, मालक, सगळ्यांच्या हातातून हे एकदमच बाहेर पडलं. गच्चीवर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तिथेच थांबलं, बहुधा शेजारच्याने कोपर मारलं असावं. मग भोंग्याचा आवाज आला, नेहमीसारखा, बातम्या दिल्यासारखा. "समजलं. शिडीखाली रस्ता मोकळा. संडास मोकळा करतो. ओव्हर." आणि त्याने तो खरोखर केला. आत एक गवंडी फोन बघत निवांत बसला होता. दार बडवून त्याला भोंग्याने ज्या शब्दांत बाहेर काढलं ते बटण दाबलेलं राहिल्यामुळे मालकांनीही ऐकले.

खाली हूक सोडवला गेला, आणि घार क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा ठेवून उतरली. उतरताना वर बघायचं की खाली हे तिला समजेना, म्हणून ती शिडीच्या पायऱ्यांकडे बघत राहिली. पायथ्याशी माणसांची भिंत होती आणि त्या सगळ्यांनी पाठ फिरवलेली होती. ती पळाली.

ती बाहेर आली तेव्हा इंजिनिअर वाट बघत उभा होता. पहिल्यांदाच त्याने 'म्हणजे बघा' शिवाय सुरुवात केली. "नसलेल्या दुखण्यापायी मी तुम्हाला कायमचं खाली बसवणार होतो," असं म्हणाला. रागावला होता, आणि त्याला रागवायला जागाही होती. असलेलं दुखणं आज माझ्या डोक्यावर बोजा लटकत असताना कळलं असतं, हेही त्याने सुनावलं. घार हो म्हणाली.  पुन्हा असं होईल का, त्याने विचारलं. ती म्हणाली की होईल, नाही होणार असं लिहून देता येणार नाही. पण यापुढे बोजा हुकाला लागायच्या आधी सांगेन, आणि जे असेल तेच सांगेन.

त्याने आभाळाकडे बघितलं. वारा पडला होता, पण परत सुटणार नाही असं कोण म्हणेल? आत्ता जाऊ शकाल का, असं त्याने विचारलं. इतक्या वर्षांत कुठल्याही मोठ्या बोजाला तिने नाही म्हटलं नव्हतं. आतून 'हो' उसळून आलं. तिने ते गिळलं आणि पोटाला विचारलं.

"आत्ता नाही. अजून एक कळ शिल्लक आहे."

 इंजिनिअरने वॉकी-टॉकी तोंडाशी धरून सगळ्यांना सांगितलं की थांबायचंय, ऑपरेटर तयार झाल्यावर उचलू. का, ते सगळ्यांनी ऐकलंच होतं.

ती उलट्या बादलीवर बसून राहिली. रस्ता बंद, ट्रक उभा, धूड ट्रकवर, आणि सगळं जग तिच्या पोटासाठी थांबलेलं. याहून मोठी शिक्षा कुठली? भोंग्याने काय सोसत नाही म्हणून विचारलं, तिने कांदा, दूध, तांदळाचे पापुद्रे असं सगळं सांगितलं, आणि त्याचं बटण पुन्हा दाबलेलंच राहिलं होतं. मग चॅनलवर हळूच गच्चीवरच्या फोरमनचा आवाज आला. मला वर्षभर ॲसिडिटी आहे, कांद्यानेच होत असेल का, असं तो विचारत होता. रस्त्याच्या टोकावरचा पहारेकरी म्हणाला की मला दूध अजिबात चालत नाही, पण बायकोला खरं वाटत नाही. भोंग्याने स्वतःची जी तक्रार सांगितली ती बरीच खालच्या भागातली होती. शेवटी मालकांनी घसा साफ करून विचारलं की ते तांदळाचे पापुद्रे कुठल्या दुकानात मिळतात. पोटांचं संमेलन असं रंगात आलं असताना इंजिनिअर गरजला, चॅनल मोकळा ठेवा.

शिल्लक राहिलेली कळ आली, गेली. घार आणखी थोडी बसली, कुणी न सांगता. मग उठली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि शिडीला लागली.

वर केबिन तशीच हलत होती. तिने दांडे धरले. भोंग्याने उचल म्हटलं, आणि हूक ताणला, साखळ्या ताठ झाल्या, धूड ट्रकवरून वीतभर सुटलं. एवढं झालं की थांबायचं, सगळं नीट पेललंय ना ते बघायचं, हा नियम. सगळे थांबले. यंत्र किंचित डोललं, मग स्थिर झालं.

म्हणजे बघा, सगळं ठीक? इंजिनिअरचा आवाज.

"एक मिनिट," घार म्हणाली. तिने साखळ्यांकडे बघितलं, वाऱ्याच्या काट्याकडे बघितलं. मग बटणावरचं बोट काढून आत कान दिला. तिथे काहीतरी हललं, की केबिन हलली? ती ऐकत राहिली. खाली कुणीच घाई केली नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "चढवते."